दहा कॅशची इस्टेट

विलायतेस जाऊन आलेल्या मराठी मनुष्याने प्रवासवर्णन लिहावे, असा एक अलिखित दंडक आपल्याकडे आहे. त्यातून सूट मिळण्यासाठी अर्ज कोणत्या खात्याकडे करावयाचा याचा तपास न लागल्यामुळे मी हे लिहावयास बसलो आहे. मामलेदार कचेरीत उमेदवारीपासून अव्वल कारकुनीपर्यंत चढताना ज्याने उभी हयात इतरांच्या वरकस जमिनी, विहिरी, आंब्याची कलमे आणि पडके गोठे यांची किंमत ठरविण्यात घालविली, त्याची सृष्टिसौंदर्याकडे पाहण्याची दृष्टी काहीशी अधूच असणार. डोव्हरचे शुभ्र कडे पाहून कवींच्या अंतःकरणात काय उचंबळते ते मला ठाऊक नाही. माझ्या मनात मात्र, खडूचा एवढा प्रचंड साठा आजवर बिनआकारी कसा राहिला, हीच शंका प्रथम आली. कँटरबरीचे कॅथीड्रल पाहिले, भव्य आहे. आठव्या हेन्रीने बांधलेला डीलचा किल्ला पाहिला, ठेंगणा आहे. प्रेक्षणीय स्थळांची बाकी येथे निरंक झाली.

आता मूळ प्रकरण. केंट परगण्यात समुद्रकाठी वसलेल्या या डील गावी आमची कन्या आणि जावई बिऱ्हाड करून असतात. जावईबापू आठवडाभर संगणकावर जे काम करतात ते कोणालाच दिसत नसल्यामुळे, रविवारी तरी हाताला लागेल असे काही करावे, या सात्त्विक हेतूने त्यांनी एक धातुशोधक यंत्र बाळगले आहे. लांब दांडा, त्याच्या टोकाला तबकडी आणि कानांवर चढवावयाचे दोन बोळे, असा त्याचा सरंजाम. तबकडीतून जमिनीत चुंबकीय क्षेत्र उतरते, त्यायोगे खाली पडलेल्या धातूत वीज खेळू लागते आणि तिचे पडसाद सुरांच्या रूपाने कानाशी येतात. लोखंडाचा सूर घोगरा, तांब्या-चांदीचा स्वच्छ आणि वरच्या पट्टीतला. हे सारे मला समजावून सांगताना जावईबापूंच्या मुद्रेवर जे तेज चढले, ते विवाहाच्या होमासमोरही चढल्याचे मला स्मरत नाही.

मला यंत्रापेक्षा कायद्यात अधिक गोडी. शेतात हिंडावयाचे तर शेतमालकाची परवानगी हवी, किनाऱ्यावर हिंडावयाचे तर किनाऱ्याच्या मालकाची. आणि तीनशे वर्षांहून जुने सोन्यारुप्याचे घबाड हाती लागले, तर 1996 च्या कायद्यान्वये चौदा दिवसांच्या आत कॉरोनरला वर्दी द्यावी लागते. अपमृत्यूची चौकशी करणारा अंमलदारच गुप्तधनाचीही चौकशी करतो, हे ऐकून त्या राज्याविषयीचा माझा आदर दुणावला. ज्या देशात मढी आणि मोहरा एकाच दप्तरात नांदतात, तेथे कारकुनाला कंटाळा येण्याचे भय नाही.

डीलचा किनारा वाळूचा नाही; गोट्यांचा आहे. त्यावरून चालताना प्रत्येक पावलाला एक पाऊल मागे जावे लागते. जावईबापू यंत्र फिरवीत पुढे आणि मी हाती फावडी घेऊन मागे, अशी आमची स्वारी निघाली. सुरांच्या आज्ञेनुसार मी जी उत्खनने केली, त्यांतून शीतपेयांच्या डब्यांच्या कड्या, कोळ्यांच्या गळाची शिशाची वजने, एक वाकडा चमचा आणि बाटल्यांची असंख्य झाकणे प्रकट झाली. इंग्रज मनुष्य समुद्रकिनारी जाऊन नेमके काय करतो, याचा बिनतोड पुरावा त्या मुद्देमालात होता. वारा असा बोचरा होता की त्याचे वर्णन करावयाचे तर दातांचा ताबा आधी परत मिळावयास हवा. आणि माझे गुडघे या मोहिमेविरुद्ध लेखी तक्रार गुदरण्याच्या बेतात असतानाच यंत्रातून एक असा निर्मळ सूर उमटला की जावईबापूंनी यंत्र खाली ठेवून स्वतःच गोटे उपसावयास प्रारंभ केला.

हाती आली ती एक चकती. साधारण आपल्या रुपयाएवढी, काळ्यावर हिरवट पुटे चढलेली, एका बाजूस कड किंचित चपटी झालेली. बोटाने चाचपली तर खाली काहीतरी उठावाचे आहे, एवढेच जाणवे. ते काय आहे, हे सांगण्याची तिची इच्छा नव्हती.

येथून पुढे माझा प्रवास सर्वस्वी जेवणाच्या मेजाभोवती झाला. ज्युलियस सीझर इसवी सनापूर्वी 55 साली याच किनाऱ्याच्या आसपास उतरला, ही माहिती जावईबापूंनी आमटी वाढून घेता घेता दिली, आणि चकती तत्क्षणी रोमन झाली. नातवाला तीत सम्राटाचे नाक दिसू लागले, कन्येला लांडगीण दिसली. मग हॉक्सनची कथा निघाली. 1992 साली सफोकातल्या त्या गावी एका शेतकऱ्याचा हातोडा हरवला. तो शोधून देण्यासाठी त्याचा एक स्नेही यंत्र घेऊन शेतात गेला, आणि त्याला रोमन काळातील सोन्यारुप्याची जवळजवळ पंधरा हजार नाणी सापडली. त्यांचे मोल साडेसतरा लक्ष पौंड ठरले. हातोडाही सापडला, तो आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. ही कथा संपेपर्यंत आमच्या चकतीची किंमत पन्नास पौंडांवरून पाचशेवर गेली होती, आणि ताक येईपर्यंत पाच हजारांवर.

मूल्यांकनाच्या कामात उभा जन्म काढल्यामुळे मी या वेळी एक सिद्धांत मांडला, तो येथे नमूद करून ठेवतो: नाण्यावरचे जितके कमी दिसते, तितकी त्याची किंमत अधिक. जे वाचता येते त्याला भाव असतो. जे वाचता येत नाही त्याला भवितव्य असते. सर्वांनी माना डोलावल्या आणि भवितव्याच्या वाटण्या सुरू झाल्या. कन्येच्या स्वयंपाकघराची फरशी, नातवाची सायकल, आमच्या कुटुंबाच्या पाटल्या आणि राजापूरच्या घराचे मंगलोरी कौल, एवढी कामे मंजूर झाली.

कौलांचा विषय निघाल्यामुळे राजापुरी असलेल्या धाकट्या बंधूंना दूरध्वनी करणे प्राप्त झाले. वास्तविक तेथे उत्तररात्र होती. परंतु द्रव्याचा विषय निघाल्यावर आमचे बंधू कोणत्याही प्रहरी जागे असतात.

"दादा, तुझ्या विमानाच्या तिकिटाला गेल्या सालचे आंब्याचे पैसे घातले होते ना?" त्याने विचारले.

"घातले होते. मग?"

"मग नाणं समाईक. एकत्र कुटुंबाच्या पैशातून झालेली मिळकत. निम्मा हिस्सा माझा."

यावर मला मनस्वी संताप आला. इंग्लंडच्या किनाऱ्यावर, माझ्या गुडघ्यांच्या मोबदल्यात मिळालेल्या वस्तूवर राजापुरात खाटेवर पडल्या पडल्या हक्क सांगणाऱ्या या गृहस्थाने बाबांच्या पश्चात घराची पन्हळ एकदाही साफ केलेली नाही, हे मी त्याला बजावून सांगितले. त्याने परसातल्या फणसाचे प्रकरण काढले. मी विहिरीच्या रहाटाचे काढले. त्या रात्री दूरध्वनीवर आमच्या तीर्थरूपांच्या इस्टेटीची सबंध फेरतपासणी झाली, आणि सीझर बिचारा मेजावर तसाच पडून राहिला.

सकाळी उठून पाहतो तो मेजावर एक लालबुंद, लखलखीत तांब्याचे नाणे!

"अहो, तांब्याचं आहे म्हणालात ना काल?" आमचे कुटुंब पदराला हात पुसत म्हणाले. "मग चिंच-मीठ लावलं. देवाची उपकरणी नाही का दर सोमवारी घासत मी? किती कळकटलं होतं मेलं!"

जावईबापू खुर्चीत बसले. म्हणजे उभे होते ते एकदम बसलेले दिसले. जुने नाणे कधीही घासू नये, कारण काळाने चढविलेले पूट हीच त्याची साक्ष आणि तेच त्याचे कवच, ते गेले की संग्राहक त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही, हे त्या क्षेत्रातले पहिले सूत्र. ते सासूबाईंना सांगावे कसे, या पेचात त्यांचा चहा निवून गेला. आणि त्याहून भयंकर गोष्ट अशी की, नाणे आता वाचता येत होते. एका अंगास ढाल, तिच्या दोहों बाजूंस सिंह, आणि साल स्पष्ट 1808. दुसऱ्या अंगास फारसी अक्षरे, आणि त्यांच्याखाली रोमन लिपीत ठसठशीत 'दहा कॅश'. सीझर एका रात्रीत ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीस लागला होता.

तरीही आशा चिवट असते. कँटरबरीस नाण्यांचा एक वृद्ध व्यापारी होता. त्याच्याकडे आमची सहकुटुंब स्वारी गेली. त्याने भिंग लावले, नाणे उलटसुलट केले, कड नखाने चाचपली, आणि तो अशा सौजन्याने हसला की मी आतून खचलो. नाण्याचे वय आणि नाण्याचे मोल यांचे नाते फारसे नसते, असे त्याने समजावून सांगितले. चौथ्या शतकातली झिजलेली रोमन तांब्याची नाणी दोन-तीन पौंडांना मिळतात, कारण ती अमाप आहेत. उलट 1933 सालची इंग्लंडची पेनी मोजकीच पाडली गेली, म्हणून तिला हजारो पौंड मोजणारे उभे असतात. किती शिल्लक आहेत, कोणत्या अवस्थेत आहेत आणि कोणाला हवी आहेत, ही तीन कलमे पाहावयाची. ही पद्धत मला तत्काळ पटली, कारण कलमी आंब्याची किंमतही आम्ही याच तत्त्वावर ठरवीत असू.

मग त्याने नाण्याची कुळकथा सांगितली. बर्मिंगहॅमजवळच्या सोहो टांकसाळीत, वाफेच्या यंत्रांवर, ही नाणी मद्रास इलाख्यासाठी पाडली गेली. 'अ‍ॅडमिरल गार्डनर' नावाच्या जहाजावर सुमारे 48 टन तांब्याची नाणी चढली. 1809 च्या जानेवारीत तुफान झाले आणि ते जहाज डीलसमोरच्या गुडविन सँड्सवर रुतून बुडाले. ही वाळूची दांडी आजवर हजारांवर जहाजे गिळून बसली आहे, आणि तरीही ओहोटीला ती उघडी पडली की इंग्रज तिच्यावर जाऊन क्रिकेट खेळून येत असत. पुढे डोव्हर बंदराच्या भरावासाठी तेथली वाळू उपसली तेव्हा तीतून नाणी निघू लागली; मग पाणबुडे उतरले, आणि त्यांनी दहा लाखांहून अधिक नाणी वर काढली.

दहा लाख! माझ्या सिद्धांताचा पाया त्या एका आकड्याने खचला.

"आठ पौंड," व्यापारी म्हणाला.

"आणि चिंच लावली नसती तर?" जावईबापूंनी खालच्या आवाजात विचारले. चिंच म्हणजे काय, हे कन्येने त्याला सांगितले.

"तरीही आठच. समुद्रातून आलेली ही सगळीच नाणी रसायनांत धुतलेली असतात. या बाईंनी काम मात्र चोख केले आहे."

आमच्या कुटुंबाची मान त्या क्षणी जी ताठ झाली, ती अद्याप पूर्ववत झालेली नाही. परतताना मोटार उभी करण्याचे भाडे नाण्याच्या किमतीहून अधिक भरले, याविषयी मोटारीत कोणी ब्र काढला नाही.

रात्री नाणे हातात घेऊन बसलो असता एक गोष्ट मनात आली आणि विनोदाचा सारा आवेश ओसरला. या नाण्याने उभ्या आयुष्यात काहीच विकत घेतलेले नव्हते. टांकसाळीतून पिंपात आणि पिंपातून समुद्रात. एवढाच त्याचा प्रवास. माझी आई बाजारास निघताना पदराच्या टोकाला पैसे गाठीत बांधी, आणि त्या गाठीतल्या एकेका पैशाने कोठे जावयाचे ते घरूनच ठरलेले असे: हा मिठाचा, हा तेलाचा, हा धाकट्याच्या पाटीच्या पेन्सिलीचा. मद्रासकडच्या कोणत्या तरी बाईच्या गाठीत हे नाणे पडावयाचे होते. ते पडले नाही, आणि तिचे मीठ दुसऱ्या कोणत्या तरी पैशाने आले असेल, किंवा त्या दिवशी आले नसेल. ही रक्कम कोणत्या खाती धरावी, हे मला एवढ्या वर्षांच्या नोकरीनंतरही उमगले नाही.

असो. व्यापाऱ्याने जाता जाता सांगितले होते की, बुडालेल्या जहाजावरचा माल सापडला तर तो 'रिसीव्हर ऑफ रेक' नामक अंमलदारास 28 दिवसांच्या आत कळवावा लागतो. न कळविल्यास दंड अडीच हजार पौंडांपर्यंत. आठ पौंडांच्या मालावर अडीच हजारांचा दंड, हे प्रमाण पाहून माझ्यातला अव्वल कारकून धन्य झाला, आणि अर्ज मी स्वहस्ते भरला. नियम असा की मूळ मालकास हक्क सांगण्यासाठी एक वर्षाची मुदत असते. मूळ मालक ईस्ट इंडिया कंपनी. आणि ती तर 1874 सालीच विसर्जित झाली. तरीही मुदत म्हणजे मुदत.

हे मी बंधूंना कळविले. समाईक हिश्श्याचे चार पौंड धोक्यात असल्याचे ऐकून तो क्षणभर गप्प राहिला. मग त्याचा आवाज एकदम खुलला.

"येऊ दे की कंपनीला! 1661 साली महाराजांनी आपल्या राजापूरची त्यांची वखार लुटली, तर त्या नुकसानीसाठी यांनी किती वर्षं तगादा लावला होता, आठवतं ना? राज्याभिषेकाला रायगडावर आलेल्या कंपनीच्या वकिलानं, त्या ऑक्झेंडेननंसुद्धा तेच कलम पुढं केलं होतं. आता त्यांचं म्हणणं आलं, तर आपलंही म्हणणं दाखल कर. दादा, पुढच्या दीडशे वर्षांची वसुली काढायची आहे. तेवढी निम्मी माझी."