भाडं आपलं, भाकरी त्यांची

परदेशात इंटर्नशिप मिळाल्याचं डहाणू-तलासरीकडच्या एखाद्या पोराने घरी सांगितलं, तर घरातून पहिला प्रश्न येईल तो ‘पगार किती?’ हा. शहरातल्या शिकलेल्या घरांत हा प्रश्न अडाणीपणाचा समजतात. तिथे हसून विचारतात, ‘खर्च किती?’ काम करायला जायचं आणि पैसेही आपणच भरायचे, यात काही विपरीत आहे हे तिथे कोणाच्या डोक्यातच येत नाही, कारण शेजारच्या बंगल्यातली मुलगीही भरूनच गेलेली असते. विद्यार्थ्याने परदेशी इंटर्नशिपचा खर्च कसा उभा करावा, यावर पुष्कळ लोक पुष्कळ उपाय सांगतात: कर्ज काढा, वर्गणी काढा, मामाला गाठा. माझं म्हणणं असं की उपायांच्या आधी तो अडाणी प्रश्न विचारावा. कारण त्याचं उत्तर ‘काही नाही’ असेल, तर पुढचे सगळे उपाय म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

बारा आणे या भागाला नवे नाहीत. २३ मे १९४५ ला तलासरी भागातल्या झरी गावात हजारो वारली जमले आणि शामराव व गोदावरी परुळेकरांच्या पुढाकाराने त्यांनी ठरवलं, की यापुढे जमीनदाराकडे वेठ करायची नाही आणि रोजाचे बारा आणे रोख मिळाल्याशिवाय त्याच्या शेतात पाय ठेवायचा नाही. त्याआधी इथे लग्नगडी नावाची रीत होती. लग्नासाठी सावकाराकडून थोडे रुपये घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत, म्हणजे बहुधा हयातभर, नवरा-बायकोने त्याच्याकडे राबायचं. ती पद्धत या लोकांनी मोडून काढली, आणि त्यासाठी त्यांनी गोळ्या खाल्ल्या. आता त्यांच्या पणतवंडांना कोणी तरी इंग्रजीत समजावतो, की बिनपगारी काम ही संधी असते आणि अनुभव हाच मोबदला असतो. जमीनदाराला हे वाक्य सुचलं नाही, हे त्याचं दुर्दैव. तुलना ताणली जातेय, हे मला कळतं. इंटर्नला कोणी झाडाला बांधून फटके मारत नाही आणि तो कधीही सोडून जाऊ शकतो. पण एका बाबतीत जुना सावकार नव्या यजमानाहून व्यवहारी होता. पावसाळ्यात गड्याच्या घरात दाणा नसला, की तो खावटी द्यायचा; पुढे दामदुपटीने वसूल करायचा ते वेगळं. उपाशी माणूस नांगर धरत नाही, एवढं त्याला ठाऊक होतं. जिनिव्हात मात्र हे बरीच वर्षं ठाऊक नव्हतं. २०१५ मध्ये डेव्हिड हाइड नावाचा न्यूझीलंडचा बावीस वर्षांचा तरुण संयुक्त राष्ट्रांत इंटर्न म्हणून गेला आणि खोलीचं भाडं झेपत नाही म्हणून तंबूत राहू लागला. जगभर बोभाटा झाला. आपण हे थोडंफार लक्ष वेधायलाही केलं, असं त्याने नंतर कबूल केलं. पण तंबूची युक्ती असली तरी पगार खरोखरच शून्य होता. पुढे २०२० पासून जागतिक आरोग्य संघटनेने इंटर्नांना भत्ता द्यायला सुरुवात केली. माणसाच्या आरोग्याला जेवण लागतं, असा शोध तिथे लागला असावा.

आता मसाल्याकडे वळू. पासपोर्टचे १,५०० रुपये, हे कोणीही भरेल. युरोपच्या शेंगेन व्हिसाची फी ९० युरो, आणि व्हिसा नाकारला गेला तरी ती परत मिळत नाही. किमान ३०,००० युरोंचा आरोग्यविमा. विमानाचं जाण्या-येण्याचं तिकीट. मग खोलीचं भाडं आणि अनामत. तलासरीच्या पोराला मुंबईचं व्हिसा केंद्र गाठायला आधी घोलवड नाहीतर गुजरातमधलं उंबरगाव गाठून गाडी धरावी लागते, तो खर्च तर हिशेबात कोणी धरतच नाही. पण खरं घोडं अडतं ते बँकेच्या उताऱ्यावर. पैसे खात्यात नुसते असून चालत नाहीत. ते काही महिने तिथे मुक्कामाला असावे लागतात. आदल्या आठवड्यात चार नातेवाइकांनी मिळून भरलेली रक्कम व्हिसा अधिकाऱ्याच्या लगेच डोळ्यांवर येते. ज्या घरातली माणसं भात झोडून झाल्यावर वीटभट्टीवर जातात आणि भट्टीमालकाची उचल मिळाली त्याच दिवशी दुकानदाराची उधारी भागवतात, त्या घरात पैसा मुक्काम करत नाही. तो उभ्याउभ्याच निघून जातो. म्हणजे पैसे नाहीत म्हणून मदत मागायची, आणि मदत मिळाली की हे पैसे नेहमीचेच आहेत असं दाखवायचं. हा अभिनय शिकवणारी इंटर्नशिप अजून कोणी काढलेली नाही.

मग कर्ज काढावं, असं म्हणणारे भेटतातच. बँकांच्या नेहमीच्या शैक्षणिक कर्जाचा नियम असा, की चार लाखांपर्यंत तारण मागायचं नाही, त्यापुढे साडेसात लाखांपर्यंत जामीन आणि त्याच्या वर ठोस तारण. कागदावर हे उदार दिसतं. मात्र कर्ज अभ्यासक्रमासाठी असतं आणि इंटर्नशिप हा बऱ्याचदा अभ्यासक्रमच नसतो. शेवटी पदवी नाही, फीची पावती नाही, कॉलेजचं बोनाफाइड नाही. मॅनेजरच्या पुढ्यात एक ईमेल असतं, त्यात फार आनंद झाल्याचं लिहिलेलं असतं आणि रकमेचा रकाना रिकामा. दुसरं कुठलं कर्ज घेऊ म्हटलं, तर तारणाचा प्रश्न पुन्हा दारात. डहाणू-तलासरीतल्या कित्येक घरांत वनहक्काचा पट्टा असतो. नवरा-बायको दोघांच्या नावाचा तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत ठेवलेला असतो. २००६ च्या कायद्याने ती जमीन वारसाने मुलाला मिळते, पण विकता येत नाही की दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. मालकीची सातबाऱ्याची जमीन असली, तरी आदिवासीची जमीन बिगरआदिवासीकडे जाऊ नये म्हणून महसूल कायद्याने दारं घट्ट लावलेली आहेत. लावायलाच हवी होती. ती उघडी असती, तर चिकूच्या वाड्या आणि फार्महाउसं यांच्यामध्ये उरलीसुरली जमीनही कधीच गेली असती. पण लिलावाला गिऱ्हाईक मिळणार नाही अशा जमिनीवर मॅनेजर कर्ज कशाला मंजूर करील? कायद्याने बापाला सावकारापासून वाचवलं आणि पोराला बँकेपासूनही. यातली दुसरी गोष्ट वाईटच झाली, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. तीन महिन्यांच्या बिनपगारी कामासाठी लाखांचं कर्ज, म्हणजे लग्नगडीच. फक्त इथे लग्नही होत नाही.

सरकारी शिष्यवृत्त्या आहेतच की, असाही एक आक्षेप येतो. आहेत. केंद्र सरकारची अनुसूचित जमातींसाठीची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे, सबंध देशासाठी वर्षाला २० जागांची. राज्याच्या आदिवासी विकास विभागाचीही आहे. पण त्यांना पदवी हवी किंवा संशोधन हवं. दोन-तीन महिने प्रयोगशाळेत, शेतावर नाहीतर संग्रहालयात हात काळे करून येणं त्यांच्या चौकटीत बसत नाही. गंमत अशी, की हेच सरकार देशात इंटर्नला पैसे देतं. २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिन्याला १०,००० रुपये विद्यावेतन ठरलं. त्याच वर्षीच्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत महिन्याला ५,०००. म्हणजे प्रशिक्षणार्थ्याला पैसे द्यावेत, हे मंत्रालयाला मान्य आणि दिल्लीलाही मान्य. तलासरीच्या पंचायत समितीत फायली लावणाऱ्या तरुणाला विद्यावेतन मिळू शकतं. तोच तरुण समुद्रापलीकडे जाऊन जास्त काही शिकायला लागला, की ते तत्त्व विमानतळावरच राहतं.

वर्गणीला मात्र मोठी परंपरा आहे, असं म्हणणाऱ्याला मी मान देतो. १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी अमेरिकेला निघाल्या तेव्हा त्यांनी बांगड्या विकल्या, आणि सेरामपूरला त्यांनी केलेल्या भाषणानंतर लोकांनीही मदत केली. पण हिशेब पुरता बघावा. पदरचं आणि वर्गणीचं जे होतं, ते मुख्यतः जाण्यासाठी. तिकडे उतरल्यावर थिओडिशिया कार्पेंटरबाईंनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतलं आणि फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयाने शिष्यवृत्ती दिली. १९१३ मध्ये आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीरावांच्या महिना साडेअकरा पौंडांवर, आणि बदल्यात बडोदा संस्थानची दहा वर्षं नोकरी करण्याची अट होती. १९२० मध्ये पुन्हा लंडनला जाताना आपली बचत, नवल भथेना या मित्राकडून ५,००० रुपये उसने आणि शाहू महाराजांचे १,५०० अशी त्यांनी मोट बांधली. पण तेही पदवीसाठी, बॅरिस्टरीसाठी. बिनपगारी उमेदवारीसाठी कोणी बांगड्या विकल्याचं माझ्या वाचनात नाही.

तेव्हा खर्चाची वाटणी कशी असावी, याचं उत्तर आनंदीबाईंच्या हिशेबातच आहे: भाडं आपलं, भाकरी त्यांची. हा काही माझ्या डोक्यातला आदर्शवाद नव्हे. आयएइस्टे ही तंत्रशिक्षणाच्या विद्यार्थ्यांची देवाणघेवाण करणारी संस्था १९४८ पासून साधारण याच तत्त्वावर चालते: प्रवास विद्यार्थ्याचा, राहण्या-जेवण्यापुरता पैसा यजमानाचा. भारतही तिच्यात आहे. जिनिव्हाजवळची सर्न ही प्रयोगशाळा उन्हाळी विद्यार्थ्यांना भत्ता देते. कॅनडाची मायटॅक्स ग्लोबलिंक ही योजना बारा आठवड्यांच्या संशोधनासाठी प्रवासाचाही भार उचलते. या जागा थोड्या, आणि तिथवर पोचतात आयआयटीची पोरं. डहाणूच्या कॉलेजातल्याने काय करायचं, हा आक्षेप मात्र खरा आहे आणि त्याला माझ्याकडे रुबाबदार उत्तर नाही. एवढंच सांगता येईल की गुणपत्रिकेशिवायही दारं उघडल्याचं उदाहरण याच तालुक्यातलं आहे. गंजाडचे जिव्या सोमा मशे कुठल्या कॉलेजात गेले नव्हते. जपानमध्ये निगाताच्या डोंगरात, तोकामाचीला, जुन्या शाळेच्या इमारतीत तोकिओ हासेगावा यांनी १९८२ मध्ये मिथिला संग्रहालय काढलं. तिथे मशे यांच्यासारखे वारली चित्रकार निमंत्रणावरून जायचे आणि महिनोन्महिने राहून चित्रं काढायचे. आपल्याला जे येतं ते यजमानाला येत नव्हतं, हे त्यांचं भांडवल. कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्राच्या आसपास वाढलेल्या, चिकूची छाटणी आणि कलम हातात बसलेल्या पोराने ‘मला शिकवा’ एवढंच न लिहिता ‘मला हे येतं’ असंही लिहिलं, तर भत्त्याचा विषय काढताना आवाज जराही खाली जाणार नाही.

एवढं कशाला, बोईसरला जा की, तारापूरची एमआयडीसी काय वाईट, हा शेवटचा आक्षेप. जावंच. पण हा सल्ला नेहमी उधवा-कोदाडच्या पोरालाच मिळतो, दादर-पार्ल्याच्या पोराला कोणी देत नाही. आणि या दोन तालुक्यांतली माणसं परदेशी जातच नाहीत, असंही नाही. गुजरातच्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून गेलेले कित्येक जण हद्द ओलांडल्याच्या आरोपाखाली कराचीच्या तुरुंगात वर्षंच्या वर्षं काढून आलेत. ते मजुरीला गेले होते. तो विनोदाचा विषय नाही, पण समुद्र आणि सरहद्द यांची भीती इथल्या घरांना कशी बसते, ते त्यावरून कळतं. पगारापाठोपाठ आई परतीचंही विचारते, यात नवल नाही.

उरतं ते जाण्या-येण्याचं भाडं, आणि ते उभं करणं अवघड नसावं. डहाणूच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाला परदेशी प्रशिक्षणाच्या प्रवासखर्चासाठी एक ओळ वाढवून मिळाली, तर प्रश्न मिटतो. ती ओळ शासननिर्णयात यायला किती टिपण्या फिरतील, ते सोडून देऊ. तोवर गावाचा सत्कार आहे. पोराची निवड झाली, की चौकात फ्लेक्स लागतो. त्यावर त्याचा फोटो पासपोर्टच्या आकाराचा आणि शुभेच्छुकांचे त्याच्या चौपट. मग शाल, श्रीफळ, आणि ‘काही लागलं तर सांग’. त्याने सांगावं. हातात माइक आलेलाच असतो. आभाराच्या जागी तिकिटाची रक्कम वाचून दाखवावी, शुभेच्छुकांच्या संख्येने भागावी आणि प्रत्येकाच्या वाट्याला किती येतात तेही तिथेच सांगून टाकावं. कोणी अर्धे आता आणि अर्धे आल्यावर देतो म्हणाला, तर व्हिसावाले परतीचं तिकीट आधीच बघतात, हे त्याला नम्रपणे समजावून द्यावं आणि नारळ घेऊन खाली बसावं.