दोंडाईचा मुंबईत हलवल्याबद्दल जाहीर आभार

प्रति,
वापरकर्त्याचे गाव न विचारता ओळखणारी समस्त संकेतस्थळे



घरातल्या संगणकाचा ठावठिकाणा संकेतस्थळ आधी आयपी पत्त्यावरून काढते. हा पत्ता घराचा नसतो, इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीचा असतो. कंपन्यांना पत्त्यांचे गठ्ठे ब्रिस्बेनच्या एपनिक या पत्ते वाटणाऱ्या संस्थेकडून थेट किंवा भारतातल्या निक्सी या संस्थेमार्फत मिळतात. त्या नोंदीत कंपनीचे नाव आणि देश असतो, ग्राहकाचे गल्लीबोळ नसतात. मॅक्समाइंडसारख्या कंपन्या अशा नोंदी आणि इतर खुणा जुळवून ‘हा पत्ता अमुक शहराचा’ असे तक्ते विकतात. दोंडाईचा येथील जोडणी मुंबईच्या केंद्रातून बाहेर पडत असेल, तर तक्ता मुंबई सांगतो. त्यात आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीचे पत्ते अपुरे, म्हणून कंपनी अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देते. परिणामी मिरचीच्या बाजारपेठेसाठी ओळखल्या जाणाऱ्या या गावात ‘जवळचे मिरची कांडप’ शोधले, की सरळ रेषेत तीनशे किलोमीटरवरचे घाटकोपर सुचवले जाते. केवढी ही आपुलकी!

अंदाजाला खात्रीचा शिक्का मारला की काय होते, ते अमेरिकेत दिसले. पत्ता अमेरिकेचा, पण नेमका कुठला ते ठाऊक नाही, अशा वेळी मॅक्समाइंडचा तक्ता देशाच्या मध्याजवळचा एक बिंदू देत असे. तो कॅन्ससमधल्या एका शेतावर पडला. २०१६ मध्ये हे उघड झाले, तेव्हा ६० कोटींहून अधिक पत्ते त्या शेताच्या नावे होते आणि गुन्हेगार शोधत पोलीस तिथे येत होते. उपाय म्हणून कंपनीने बिंदू उचलून तळ्यात ठेवला.

संगणकाचे घड्याळ आणि भाषा यांवरून फारसे हाती लागत नाही. भारतीय वेळ दोंडाईच्यापासून दिब्रुगडपर्यंत एकच.

खरी अचूकता येते ती ब्राउझरने ‘स्थान कळवू का?’ विचारल्यावर ‘हो’ म्हटले तर. संगणकात जीपीएस बहुधा नसते. वाय-फाय मात्र असते. मग आसपासच्या राउटरांचे क्रमांक आणि त्यांच्या सिग्नलची ताकद स्थान-सेवेकडे जाते. ते राउटर कुठे आहेत हे रस्त्याने जाणाऱ्यांच्या जीपीएसवाल्या फोनांनी आधीच कळवलेले असते. म्हणजे घराचा पत्ता शेजाऱ्यांचे राउटर सांगतात, तोही बऱ्याचदा थोड्याच अंतराच्या फरकाने. वाय-फाय नसलेला, तारेने जोडलेला संगणक ‘हो’ म्हणूनही पुन्हा मुंबईतच पोहोचतो.

जोडणी दुसरीकडच्या सर्व्हरमधून फिरवणारे व्हीपीएन वापरकर्त्यानेच लावले, तर दोंडाईचा सिंगापुरातही जाते. त्याबद्दल संकेतस्थळांना दोष देता येणार नाही. मात्र ज्या दुकानाच्या खात्यात घरपोच मालासाठी ४२५४०८ हा पिनकोड वापरकर्त्याने स्वतः भरून ठेवला आहे, त्याच दुकानाच्या पहिल्या पानावर ‘मुंबईकरांसाठी खास’ अशी पाटी झळकते, तिचे श्रेय अन्य कोणाला देता येत नाही.

कळावे.