तार खोबणीत घ्या

सायकल पार्किंगमध्ये उलटी केली आणि मागचं चाक काढलं, की नाना उगवतात. बोलवावं लागत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत पेपर वाचणाऱ्या माणसाला खाली फरशीवर पान्हा टेकल्याचा आवाज कसा जातो कोण जाणे. स्वतःच्या दाराची बेल त्यांना ऐकू येत नाही, असं काकू सांगतात. तुमच्याही सोसायटीत असे कुणी असतीलच. चष्मा कपाळावर, हात पाठीमागे, आणि तोंडात एकच प्रश्न तयार: "तार खोबणीत आहे का?"

हा प्रश्न नेमका कधी येतो, तर टायर बसत आलेला असतो तेव्हा. वीतभर कड तेवढी रिमबाहेर राहिलेली. ती डावीकडून दाबली की उजवीकडून वर येते. अंगठे लाल झालेले असतात. माणूस शेवटी लिव्हरकडे हात नेतो.

"लिव्हर नाही!" नाना असे ओरडतात की वॉचमन गेटवरून धावत येतो. "लिव्हर काढायला. चढवायचा अंगठ्यानं. ट्यूब चिमटली तर आत्ता लावलेल्या पॅचशेजारी दुसरा लावत बसाल!"

ते चुकत असते तर सोपं होतं. दोन शब्द सुनावून घरी पाठवता आलं असतं. पंचाईत ही की नाना बरोबर असतात. टायरच्या काठात तार असते, आणि ती ताणली जात नाही. रिमची कड त्या तारेपेक्षा मोठी. म्हणजे हिशेबानं टायर चढताच कामा नये. चढतो, कारण रिमच्या मधोमध, आऱ्यांची टोकं झाकणारी पट्टी असते तिथे, एक खोबण असते. तार तिच्यात उतरवली की घेर वाचतो आणि समोरच्या बाजूला ढील मिळते. म्हणून सुरुवात व्हॉल्व्हच्या समोरून करायची आणि शेवट व्हॉल्व्हपाशी. कारण व्हॉल्व्हचं बूड मध्ये आलं की तिथे तार खोबणीत उतरत नाही. आपण सगळे शेवटच्या वितीशी झटापट करत बसतो, आणि अडचण पलीकडे, कुणी बघत नाही तिथे असते.

एवढं सांगून नाना थांबले असते तर मी त्यांच्यावर लिहायला बसलो नसतो. पण ती तार त्यांनी सायकलीपुरती ठेवलेलीच नाही. पार्किंगच्या पट्ट्यांवरून ए आणि बी विंगची सभा तापली, तेव्हा नाना उठले आणि म्हणाले, "सगळे एकाच ठिकाणी जोर लावताय. समोरची बाजू ढिली करा. तार खोबणीत घ्या." सेक्रेटरींनी ते इतिवृत्तात 'केबलची तार' असं लिहिलं, आणि पुढच्या सभेत केबलवाल्याला बोलावणं गेलं. भाचीचं लग्न देण्याघेण्यावरून अडलं, तेव्हाही नानांनी मुलाकडच्यांना हेच ऐकवलं. ते लग्न जमलं, आणि तेव्हापासून तर विचारायलाच नको. घरात उशीला अभ्रा चढवताना काकू स्वतःच पुटपुटतात, "हो, घेतली खोबणीत," म्हणजे आतून आवाज येत नाही.

इतिहासही त्यांच्याकडे तयार असतो. १८८८ साली बेलफास्टमधल्या डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरनं हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. पण तो टायर चाकाला चिकटवलेला. पंक्चर काढायचं म्हणजे दिवस गेला. मग मिशलिन बंधूंनी काढता-घालता येणारा टायर केला, आणि १८९१ ची पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस शर्यत शार्ल तेराँनं त्या टायरवर जिंकली. नाना हे असं सांगतात, की तेराँला पंप यांनीच दिला असावा.

एकदा मात्र त्यांचा उपयोग डोळ्यांनी पाहिला. बी विंगमधले एक गृहस्थ बायकोच्या सायकलीला नवा सव्वीसचा टायर चढवत होते. दोन लिव्हर, मग स्क्रू ड्रायव्हर, मग स्वयंपाकघरातला कालथा. संध्याकाळ झाली. नाना आले, चष्मा कपाळावरून नाकावर उतरवला आणि टायरवरचे बारीक आकडे वाचले. "रिम कुठलं? ५९०. टायर? ५५९. दोन्ही सव्वीसच. पण एकतीस मिलिमीटरचा फरक. हा जन्मात चढायचा नाही, दुकानात परत करा." खोबणीचं नावही काढलं नाही त्या दिवशी. मला ते फार मोठ्या मनाचं वाटलं.

हल्ली नानांचं गिऱ्हाईक घटलंय. रविवारी पहाटे सिंहगडाकडे निघणाऱ्यांच्या सायकली लाखांच्या घरातल्या. टायरमध्ये ट्यूब नाही, आत पंक्चर बुजवणारं द्रव्य. त्यातूनही हवा गेलीच, तर दुकानाचा टेम्पो येऊन सायकल घेऊन जातो. अंगावर शर्यतीचे कपडे, मनगटावर नाडी मोजणारं घड्याळ, आणि गडी फूटपाथवर टेम्पोची वाट बघत उभा. नाना अशाला काही बोलत नाहीत. नुसते बघतात, ते जास्त लागतं.

आणि ते स्वतः टायरला हात का लावत नाहीत, हे काकूंकडून कळलं. लोणच्याची बरणी घेऊन त्या आमच्याकडे आल्या होत्या. "झाकण तेवढं उघडून द्या. यांच्या अंगठ्यांचे सांधे गेलेत, दोन वर्षं झाली. कुणाला सांगत नाहीत." हात पाठीमागे बांधून उभं राहणं आम्ही सगळे ऐट समजत होतो. ती ऐट होतीच म्हणा, पण दोन वर्षांपूर्वीपर्यंत.

परवा खालच्या मजल्यावरची सहावीतली मुलगी चाक मांडीवर घेऊन बसली होती. नाना अर्थात हजर. "व्हॉल्व्ह स्वतःच्या पोटाकडे ठेव. आता समोरून दोन्ही हातांनी तार मध्ये चेपत ये. चेप. अजून." बोलता बोलता त्यांचे हात पाठीमागून सुटले, आणि ते सुजरे अंगठे हवेतच टायर दाबायला लागले. शेवटची वीत आली. पोरीनं लिव्हरकडे पाहिलंसुद्धा नाही. ओठ आवळून अंगठे रेटले, आणि कड टपकन आत गेली.

"नाना, बसला!"

"बसला म्हणजे झालं नाही. आता दोन्ही बाजूंनी फिरवून बघ, ट्यूब कुठे दबलीय का. मग व्हॉल्व्ह जरा आत ढकल. आणि पंप? हा? हा पंप कुणी घेऊन दिला तुला?"