घरटॅक्सच्या पावतीस खुले पत्र

प्रति,
मा. घरटॅक्स पावती,
मुक्काम लोखंडी कपाट, वरचा कप्पा,
पुलगाव, ता. देवळी, जि. वर्धा.

विषय : घर विकताना लागणारे कागद आणि त्यांत पावतीची पायरी.

नगरपरिषदेला कर मिळाला, एवढेच पावती सांगते. कर कोणीही भरला तरी स्वीकारला जातो. आजोबा वारल्यावर दोन पिढ्या गेल्या तरी पावती त्यांच्याच नावाने निघत राहते. तरीही गिऱ्हाईक दारात आले, की मालकीचा पुरावा म्हणून पावतीच ऐटीत पुढे होते. हा गैरसमज दूर व्हावा म्हणून कागदांची ज्येष्ठता यादी खाली दिली आहे.

१. खरेदीखत. विकत घेतलेल्या घराची मालकी येते ती याच कागदाने. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५४ प्रमाणे शंभर रुपये वा अधिक किमतीच्या घराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. नोटरीच्या शिक्क्याची इसारचिठ्ठी हा पुढच्या विक्रीचा नुसता करार. मुखत्यारपत्रावर घर ‘विकण्याची’ वाट सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सुरज लॅम्प प्रकरणात बंद केली. खरेदीखताला सूची क्रमांक २ आणि आधीच्या मालकांचे दस्त जोडावे लागतात. घेणाऱ्याचा वकील साधारण तीस वर्षे मागे जाऊन ही साखळी तपासतो.

२. आखीव पत्रिका. भूमी अभिलेख कार्यालयाचा हा उतारा नगर भूमापन क्रमांक, क्षेत्रफळ आणि धारणाधिकार दाखवतो. विदर्भातल्या शहरांत पुष्कळ घरे नझूलच्या, म्हणजे सरकारी पट्ट्याच्या, जागेवर उभी आहेत. अशा ठिकाणी भिंती मालकाच्या आणि जमीन सरकारची. पट्ट्याचे नूतनीकरण झाले आहे का आणि विक्रीला परवानगी लागते का, हे सौद्याआधीच पाहावे लागते.

३. वारसांचे कागद. पत्रिकेवर मृताचे नाव असेल तर मृत्यू दाखला, वारस फेरफार आणि सगळ्या वारसांच्या सह्या लागतात. ज्याला हिस्सा नको त्याचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र. हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. ‘बहिणीचे लग्न झाले, आता तिचा काय संबंध’ हे वाक्य दुय्यम निबंधकांपुढे कामाचे नाही.

४. बांधकामाचे कागद. नगरपरिषदेची परवानगी आणि मंजूर नकाशा हवा. शेतजमिनीवर पडलेल्या ले-आउटमध्ये जमीन अकृषक झाल्याचा कागदही हवा. तुकडे पाडून विकलेल्या प्लॉटला २००१ च्या गुंठेवारी कायद्याखालचे नियमितीकरण. पुलगावला आणखी एक बाब आहे. तिथल्या लष्करी दारूगोळा भांडाराच्या हद्दीजवळचे घर असेल, तर १९०३ च्या वर्क्स ऑफ डिफेन्स ॲक्टखाली तिथे काही निर्बंध अधिसूचित आहेत का, याची खात्री करावी लागते.

५. कर्जमुक्तीचा दाखला. घर बँकेकडे गहाण असल्यास फेडीचे पत्र, परत मिळालेले मूळ दस्त आणि उताऱ्यावरून उतरलेला बोजा, तिन्ही हवेत. कर्ज फिटूनही बोजा उताऱ्यावर ठाण मांडून बसलेला असू शकतो.

६. घरटॅक्स पावती. यादीत पावतीची जागा शेवटची, पण कायद्याने मानलेली. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्याच कलम ५५ प्रमाणे, वेगळे ठरले नसेल तर, विक्रीच्या तारखेपर्यंतची सरकारी देणी विकणाऱ्यानेच चुकती करायची असतात, आणि त्याचा पुरावा पावती देते. पाणीपट्टी आणि विजेचे बिल तिच्याच पंक्तीला बसतात.

नोंदणीच्या दिवशी दोन्ही पक्षांचे आधार, पॅन आणि ओळखीचे साक्षीदार लागतात. इसार वीस हजार रुपये किंवा त्याहून जास्त असल्यास रोखीने घेता येत नाही. सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीला सादर करावा लागतो. पूर्ण किंमत मिळाल्यावर मूळ कागद घेणाऱ्याच्या हाती जातात. त्यानंतर आखीव पत्रिकेत फेरफार होतो आणि नगरपरिषदेच्या दप्तरी नाव बदलते.

प्रत माहितीसाठी :
१) इसारचिठ्ठी, २) मुखत्यारपत्र, ३) ‘घर आमचंच आहे, सगळ्या मोहल्ल्याला माहीत आहे’ हे तोंडी प्रमाणपत्र.