नऊ मिनिटांचा तास

माझ्या वक्तृत्वाविषयी माझ्या मनात कधीही संदेह नव्हता, आणि वसईच्या एका महाविद्यालयात एकतीस वर्षे इतिहास शिकवीत असताना, चिमाजीअप्पांच्या १७३९ च्या मोहिमेवरील माझे व्याख्यान ऐकताना घंटेची वेळ टळून गेली तरी मुले जागची हालत नाहीत, हे मी घरी, दारी आणि क्वचित लग्नाच्या पंगतीतही सांगत आलो. त्या न हालण्याचा संबंध बाहेरच्या पावसाशी आणि पुढची लोकल पंचवीस मिनिटांनी असण्याशी असावा, अशी शंका पत्नीने एकदा व्यक्त केली तेव्हा, साधनांची चिकित्सा करणे हे तज्ज्ञांचे काम आहे, असे मी तिला सुनावले होते.

सबब, पाच गावच्या प्राध्यापकांनी मिळून उत्तर कोकणच्या इतिहासाचा ऑनलाइन अभ्यासक्रम तयार करावा असे फर्मान निघाले, तेव्हा उरलेले चौघे माझ्या व्याख्यानाची प्रस्तावना आणि आभारप्रदर्शन करतील, अशीच माझी समजूत झाली. 'स्वयम्' हे सरकारी व्यासपीठ जुलै २०१७ मध्ये उघडले आणि एका सत्रातील चाळीस टक्क्यांपर्यंतचे श्रेयांक तेथून मिळविण्याची मुभा २०२१ च्या नियमांनी दिली, तेव्हापासून ज्याला त्याला त्याचाच कित्ता गिरवावयाचा असतो. चित्रफीत, लिखित पाठ, स्वयंमूल्यमापन आणि चर्चा असे त्या पद्धतीचे चार पाद. कृतयुगात धर्मही चार पायांवर उभा होता म्हणतात. मात्र त्या पायांची मिनिटे कोणी मोजल्याचा दाखला पुराणांत नाही.

सात आयआयटी आणि बंगळूरची विज्ञान संस्था २००३ पासून असे अभ्यासक्रम एकजुटीने करीत आल्या, याचे मला कौतुक आहे. परंतु ऊष्मागतिकीच्या दुसऱ्या नियमावरून पवई आणि मद्रास यांच्यात मारामारी होत नसावी. आमच्याकडे वसई पडली कधी, या एका ओळीवर रण माजले. अलिबागकरांनी पोर्तुगीज कागदांबरहुकूम तारीख घातली. कल्याणच्या बाईंनी मुंबईकर इंग्रजांच्या पत्रांतली घातली, ती अकरा दिवस मागे, कारण इंग्रज १७५२ पर्यंत जुनेच पंचांग उराशी धरून बसले होते. आणि मी अर्थातच तिथीवर अडून राहिलो. हा तंटा मिटावयासही, मी मोजले आहेत, अकराच दिवस लागले. सामायिक मसुदा पाचही गावांतून एकाच वेळी उघडता येई, त्यामुळे रात्री मी मोठ्या मायेने क्रियापदापर्यंत आणून निजविलेले वाक्य सकाळी तीन तुकड्यांत आढळे, आणि समासात डहाणूच्या तरुण सहकाऱ्याचा शेरा असे : 'सर, वाक्य फार मोठं होतंय, मुलं वाटेत हरवतील.'

चित्रफितीसाठी मला नऊ मिनिटे मंजूर झाली. आवाज येतो म्हणून पंखा बंद करून, ग्रंथालयातील काळ्या पडद्यासमोर, घामाघूम होत्साता मी सत्तेचाळीस मिनिटे बोललो, कारण मोहीम आटोपल्यावर मी घंटांकडे वळलो होतो.

या घंटांविषयी मला येथेही थोडे बोलू द्यावे. वसईच्या परिसरातील चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी विजयचिन्हे म्हणून देशावर नेल्या आणि देवळांत टांगल्या : एक नाशिकला गोदाकाठी, जी नारोशंकराची घंटा म्हणून अवघ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे आणि जिच्यावर १७२१ हे साल आहे, एक भीमाशंकराच्या दारी, आणि एक वाईजवळ मेणवलीला, नाना फडणविसांच्या वाड्यामागच्या घाटावर, जिच्यावर १७०७ हा आकडा आणि बाळ येशूला घेतलेली मारियामाता आहे. ही माउली शंकराच्या शेजारी कित्येक पिढ्या नांदते आहे, आणि कोणत्याही समितीने दोघांच्या श्रेयांकांची वाटणी केल्याचे ऐकिवात नाही. मेणवलीला मी तीन वेळा गेलो. तिसऱ्या खेपेस घंटेच्या कडेवरून नुसते बोट फिरविले. धातू उन्हाने तापलेला होता आणि आत अगदी बारीक, माशी गुणगुणावी तसा नाद होता. घरी आल्यावर हे मी इतक्यांदा सांगितले की नातवाने माझे नावच 'घंटाआजोबा' ठेविले.

आमच्या महाविद्यालयाची घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा. तो वाजविणारे शिपाईमामा सेवानिवृत्त झाले त्या दिवशी, चहाची बशी खाली ठेवीत, सहज म्हणाले, "सर, तुम्ही किल्ल्याच्या तटाला भिडलात की खिडकीतून बघत मी दोन-तीन मिनिटं थांबायचो. म्हटलं, चढू दे गड्याला." मी हसलो खरा, परंतु घरी येईपर्यंत कोणाशी बोललो नाही. एकतीस वर्षे ज्याला मी वक्तृत्व समजत होतो ते एका माणसाने हातातला हातोडा खाली धरून मला उसने दिले होते. ज्या संकलकाने माझी चित्रफीत कापली, तो मनाने वाईट नव्हता. त्याला खिडकीतून कोणी दिसत नव्हते, इतकेच.

गेल्या महिन्यात वसई रोडच्या फलाटावर एका मुलीने मला हटकले. वालीवच्या एका कारखान्यात ती पॅकिंगचे काम करते आणि सफाळ्याला राहते. "तुम्ही ऑनलाइनचे इतिहासवाले सर ना? मी तुम्हाला दीडपटीवर ऐकते. म्हणजे वैतरणेला रेंज जायच्या आत संपता तुम्ही."

मी आवंढा गिळला.

"पण सर, शेवटी तुम्ही 'आणि त्या घंटा' म्हणता आणि एकदम प्रश्नच सुरू होतात. त्या घंटांचं काय झालं?"

एवढ्या वर्षांत मला हा प्रश्न कोणी आपण होऊन विचारला नव्हता. मी सांगू लागलो. नाशिक झाले, भीमाशंकरही झाले; मेणवलीचा घाट उतरत होतो इतक्यात डहाणू गाडी आली आणि महिलांच्या डब्याकडे धावता धावता तिने विचारले, "साल कुठलं, सर?"

"सतराशे सात!" मी सर्व शक्तीनिशी ओरडलो.

त्यावर शेजारी उभ्या असलेल्या एका सज्जन गृहस्थांनी माझ्या दंडावर हात ठेवला आणि या नंबरची गाडी वसईला थांबत नाही, असे मला अत्यंत सहानुभूतीने समजावून सांगितले.