विहिरीतील पाणिनी

मराठीत 'पाळणे' हे क्रियापद गाय, कुत्रा, वेळ आणि दिलेला शब्द या सर्वांना सारख्याच सहजतेने लावले जात असले, तरी मांजराच्या बाबतीत ते कितपत शास्त्रशुद्ध आहे याविषयी शंका घेण्यास जागा आहे. कारण गाय दावणीला बांधता येते, कुत्र्याला हाक मारता येते, मांजर मात्र सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियातील शेतकऱ्यांच्या धान्यसाठ्यांजवळ उंदरांच्या मागोमाग आपण होऊन आले, असे अभ्यासक मानतात. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी पुरलेले मांजर सापडल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा मनुष्याने मांजर पाळल्याचा जुना पुरावा म्हणून त्या शोधाचे स्वागत झाले. 'मनुष्याने' या कर्तृपदाकडे त्या वेळी कोणी संशयाने पाहिले नाही.

संस्कृत व्याकरणाच्या अध्यापनातून निवृत्त होऊन जुन्नर तालुक्यातील वडिलोपार्जित अडीच एकरांवर राहायला गेलेले, आणि त्या एका कारणावरून स्वतःला शेतकरी म्हणवून घेणारे प्रस्तुत लेखक यांनीही तसा संशय घेतला नव्हता. त्यांच्या शेतावरील मांजरीला त्यांनी विहिरीतून वाचवले, अशी परंपरा आहे. 'परंपरा' हा शब्द येथे संशोधकांच्या अर्थाने, म्हणजे ज्याला समकालीन पुरावा नाही परंतु जे वारंवार सांगितले गेल्यामुळे खरे मानले जाते, अशा अर्थाने योजला आहे. या कथेचे पाठभेदही उपलब्ध आहेत: पहिल्या कथनात विहीर ३५ फूट खोल होती, दिवाळीला आलेल्या पाहुण्यांसाठी ती ५० फुटांवर गेली आणि माजी सहकाऱ्यांच्या स्नेहमेळाव्यात तिने ७० फुटांचा तळ गाठला. मूळ संहिता सालगड्याकडे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात काम करणाऱ्या गड्याकडे सुरक्षित असून तिच्यानुसार पाटी दोराला बांधून विहिरीत सोडली ती गड्याने, पिल्लू वर ओढले ते गड्याने, आणि लेखकांकडे फक्त बॅटरी धरण्याचे काम होते, तीही त्यांच्या हातून ऐन वेळी पाण्यात पडली.

येथे एका विषयांतराची गरज आहे, आणि ते आवरते घेतले जाईल असे आश्वासन देता येत नाही. रामानुजाचार्यांनंतर दक्षिणेतील श्रीवैष्णव संप्रदायात वडकलै, म्हणजे उत्तरेची, आणि तेन्कलै, म्हणजे दक्षिणेची, अशा दोन शाखा झाल्या. जीवाचा उद्धार होताना जीवाने स्वतः काही करावे लागते की सर्व भार देवावर असतो, हा त्यांच्यातील एक मोठा वाद होता. वेदान्तदेशिकांना मानणाऱ्या पहिल्या शाखेचे मत मर्कटकिशोरन्यायाने सांगतात: माकडाचे पिल्लू आईच्या पोटाला स्वतः घट्ट धरून राहते, म्हणून तरते. पिळ्ळै लोकाचार्यांना मानणाऱ्या दुसऱ्या शाखेचे मत मार्जारकिशोरन्यायाने सांगतात: मांजरीचे पिल्लू काहीच करत नाही, आई त्याची मानगूट दातांत धरून त्याला हवे तेथे नेते. लेखकांनी हा न्याय पस्तीस वर्षे शिकवला होता आणि विहिरीच्या काठावर, हातात बॅटरी असेपर्यंत, या दृष्टान्तात देवाच्या जागी कोण उभे आहे याविषयी त्यांच्या मनात कोणताही संदेह नव्हता. प्रत्यक्षात मात्र पाटी खाली गेल्यावर पिल्लाने दोनदा तिच्याकडे पाठ फिरवली, कपारीत बसून परिस्थितीचा विचार केला, आणि तिसऱ्या वेळी पाटीत न बसता थेट दोरालाच चारही पायांच्या नखांनी मिठी मारली. म्हणजे ते मार्जार असूनही मर्कटन्यायाने वर आले, आणि कित्येक शतके चाललेला वाद निदान जुन्नर तालुक्यापुरता वडकलै पंथाच्या बाजूने निकालात निघाला. 'मार्जार' हा शब्द 'मृज्', म्हणजे पुसणे, या धातूपासून आला असून परिमार्जन आणि संमार्जनी, म्हणजे केरसुणी, हे शब्दही त्याच कुळातले आहेत. काठावर पोहोचताच पिल्लाने प्रथम स्वतःचे अंग चाटायला घेतले आणि उद्धारकर्त्यांकडे पाहण्यास त्याला बराच वेळ सवड मिळाली नाही, हे त्यामुळे व्युत्पत्तीला धरूनच झाले.

पिल्लाचे नाव लेखकांनी 'पाणिनी' ठेवले. संस्कृत व्याकरणाची अष्टाध्यायी रचणाऱ्या मूळ पाणिनीचे प्राण सिंहाने घेतले अशी आख्यायिका पंचतंत्रात येते, तेव्हा सिंहाच्या कुळाकडून झालेल्या त्या अपराधाची भरपाई या नामकरणाने होईल, असा युक्तिवाद ते पाहुण्यांपुढे करीत. पुढे टोमॅटोच्या २० किलोच्या क्रेटमध्ये पिल्लू ठेवून, वर कांद्याची जाळीदार गोणी बांधून, दोन म्हशी आणि एका शेळीच्या मागे रांग लावून ते डॉक्टरांना दाखवले असता, पांढरा, काळा आणि नारिंगी असे तिन्ही रंग अंगावर असलेले मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते, कारण नारिंगी रंगाचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते आणि नारिंगीबरोबर काळा रंगही दिसण्यासाठी अशी दोन गुणसूत्रे लागतात, हे समजले. लेखकांनी लगेच 'पाणिनी' हे रूप मराठी कानाला स्त्रीलिंगीच वाटते असा खुलासा केला. गड्याच्या बायकोने, जिला सर्व जण मावशी म्हणतात, तेवढेही कष्ट घेतले नाहीत. "पाण्यातनं आली, पाणीच म्हणायचं की सर," असे सांगून तिने दोन अक्षरांत विषय संपवला.

आहाराच्या बाबतीतही ग्रंथप्रामाण्य फार काळ टिकले नाही. मांजर आणि दूध यांचे नाते म्हणींनी पक्के केलेले असले, तरी मोठ्या मांजरांच्या पोटात दुधातील साखर पचवणारे विकर, म्हणजे पाचक द्रव्य, सहसा कमी पडते. याचा पडताळा लेखकांच्या महाभाष्याच्या टिपणांवर आला. दुधात कुस्करलेल्या भाकरीवर मांजर जगते, हाही असाच समज आहे. मांजराला टॉरिन नावाचे द्रव्य आहारातून, म्हणजे मांस-मासळीतून, मिळावेच लागते. ते न मिळाल्यास डोळ्यांचा पडदा आणि हृदयाचे स्नायू निकामी होऊ शकतात. तीन पिढ्या शाकाहारी असलेल्या घरात त्यामुळे आठवड्यातून चारदा सुकट शिजते आणि शिजवणाऱ्या व्यक्तीने त्या वेळी नाकाला उपरणे बांधलेले असते.

नसबंदीच्या, म्हणजे अंडाशय आणि गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेच्या, दिवशी मार्जारकिशोरन्यायावर अजूनही श्रद्धा असलेल्या लेखकांनी मोठ्या झालेल्या मांजरीला मानगुटीला धरून उचलण्याचा प्रयत्न केला. तो दृष्टान्त पिल्लांपुरता मर्यादित आहे, हे कोणत्याही आचार्याने लिहून ठेवलेले नाही. हातावर चार ओरखडे उठले, मांजरीला लस दिलेली नसल्यामुळे लेखकांना ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी रेबीजची लस घ्यावी लागली, आणि बिबट्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या तालुक्यात पुण्याहून आलेल्या एका पाहुण्याने तो पट्टी बांधलेला हात पाहून जो तर्क केला, तो लेखकांनी खोडून काढला नाही.

गेल्या माघात मांजर तीन रात्री घरी आले नाही. शेजारच्या शेतात झिंक फॉस्फाईड टाकलेले होते. ही काळपट भुकटी पिठात कालवून उंदरांच्या बिळाशी ठेवतात, पोटातील आम्लाशी संयोग झाल्यावर तिच्यातून फॉस्फिन हा विषारी वायू निघतो, त्यावर खास उतारा नाही, आणि पोटात विष शिल्लक असलेला उंदीर मांजराने खाल्ला तर मांजरही मरू शकते. पलीकडे उभा ऊस होता आणि उसात बिबट्या असतो. गड्याने आत जाऊ दिले नाही, म्हणून लेखक बांधावर उभे राहून पहिल्या दोन रात्री 'पाणिनी' अशी शुद्ध उच्चारात हाक मारत राहिले. तिसऱ्या रात्री आसपास कोणी नाही हे पाहून त्यांनी "पाणे, ये गं पाणे" असे म्हटले आणि त्यानंतर बराच वेळ त्यांना काहीच म्हणता आले नाही. पहाटे मांजर कांद्याच्या चाळीत झोपलेले सापडले. ते तेथे केव्हापासून होते, हे त्याने सांगितले नाही.

त्यानंतर पंधरा दिवसांनी रस्त्यालगतच्या बांधावर तोंड बांधलेली एक गोणी मिळाली. आत चार पिल्ले होती. तीन मेलेली होती. शहरातून मोटारीने येऊन अशी गोणी ठेवणारे लोक क्रूर असतातच असे नाही. शेतावर उंदीर असतात, मोकळी हवा असते, पिल्ले जगतील, असा त्यांचा प्रामाणिक समज असतो, आणि त्या समजात उघडी विहीर, कुत्री, विष, बिबट्या आणि ज्याला अजून डोळेही धड उघडता येत नाहीत त्याने उंदीर कसा धरावा हा प्रश्न, यांपैकी काहीही बसत नाही. दहा वर्षांपूर्वी पुण्यातील एका गृहसंस्थेच्या सभेत, जिन्याखाली व्यालेल्या मांजरीच्या पिल्लांचे काय करावे या विषयावर, "शेतावर सोडा, तिथे सुखाने राहतील" अशी सूचना एका संस्कृतच्या प्राध्यापकांनी केली होती आणि ती टाळ्यांच्या गजरात संमत झाली होती. इतिवृत्तात सूचकाचे नाव नोंदलेले आहे. पुन्हा अशी सूचना ऐकू आल्यास वाचकांनी टाळ्या वाजवण्यापूर्वी नसबंदीचा खर्च विचारून घ्यावा.

चौथे पिल्लू जगले. मुनित्रयाचा, म्हणजे पाणिनी, कात्यायन आणि पतंजली या तीन वैयाकरणांचा, क्रम लक्षात घेऊन लेखकांनी त्याचे नाव 'कात्यायन' असे सुचवले आणि तसे लसीकरणाच्या पुस्तिकेत नोंदवूनही घेतले. ते 'गोण्या' या हाकेला येते.