भागिले दोन

प्रत्येक मंगल कार्यालयात एक तरी भागिलेदोन काका असतातच. घोड्याची गुणसूत्रं 64, गाढवाची 62. अधिक, भागिले दोन, 63. आकडा विषम, म्हणून खेचर वांझ! एवढं सांगून ते मठ्ठ्याचा भुरका मारतात. गणित बरोबर आहे, फसतो तो निष्कर्ष. प्रझेवाल्स्कीच्या रानघोड्याची गुणसूत्रं 66, पाळीव घोड्याची 64. भागिले दोन, 65. चांगला विषम आकडा, तरी या संकराला पुढे शिंगरं होतात. आपली पंढरपुरी म्हैस 50वाली, ईशान्येकडची दलदलीतली 48वाली, आणि त्यांची 49ची रेडी खुशाल गाभण राहते. उलट गाय नि याक दोघांचीही 60. भागिले केलं काय नि न केलं काय, आकडा समच. तरी त्यांच्या संकरातला नर वांझ, मादी मात्र विते. संकरात एकच लिंग अधू निघालं, तर ते बहुधा ज्याची लिंगगुणसूत्रं विजोड तेच, म्हणजे सस्तन प्राण्यांत नर, हे जे. बी. एस. हाल्डेन यांनी 1922 सालीच मांडलं होतं.

मग आकड्याला काहीच किंमत नाही का, असं काका विचारतील, आणि ते रास्तच आहे. किंमत आहे, पण मांडणीइतकी नाही. बीजपेशी बनताना आईकडचं आणि बापाकडचं गुणसूत्र चेनच्या दातांसारखं समोरासमोर बसावं लागतं. रानघोड्याची दोन गुणसूत्रं पाळीव घोड्यात जोडून एक झाली आहेत; मजकूर तोच, म्हणून जुळतं. घोडा-गाढवात मजकूरच इतका उलटापालटा झालाय की खेचराची बीजपेशी बहुधा अर्ध्यातच अडते.

इथवर काका निरुपद्रवी. जिलबी आली की मात्र गाडी घोड्यावरून नवरानवरीवर घसरते: “जातीबाहेर जमत नाही, निसर्गातच नाही ते!” आता वराची 46, वधूची 46, दोन्हीकडे मांडणीही तीच, इथे काकांना भागाकार आठवत नाही. (नुसत्या आकड्यावर सोयरीक ठरायची तर चिनी भेकराचीही 46च आहेत.) तरीही कबूल करायला हवं, की सोन्याचा भाव आणि गुडघेदुखी सोडून पंगतीत गुणसूत्रं काढणारा हा एकटाच माणूस, आणि शेजारचं पोर घास हातात धरून त्याचंच ऐकत असतं. म्हणून त्यांना टाळू नका. आपल्याकडच्या भेकराच्या मादीची गुणसूत्रं 6, नराची 7. तेवढं भागिले दोन त्यांच्याकडून करून घ्या.